आतला चेंडू

सेंट लुईस
१७ ऑगस्ट १९५४

श्री. लायमन टिप्टन यांस,

मी ऑर्विल डाल्के. शनिवारी बेसबॉलच्या सामन्यात ज्याने टाकलेला चेंडू तुमच्या डोक्याला लागला, तो पिचर. काल इस्पितळात येऊन गेलो, पण नर्सने आत सोडलं नाही. बाहेर बाकावर तुमच्या पत्नी बसल्या होत्या. टोपी काढून मी त्यांना नाव सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचं काही चुकलं नाही.

मुद्दाम मारलास का, असं मला सगळे विचारतात. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. तुम्ही बॅट घेऊन प्लेटला अगदी खेटून उभे राहता, आणि चेंडू बाहेरच्या बाजूला पडला की तो उजवीकडे लांब भिरकावून देता. तुम्हाला मागे सरकवायचं म्हणून मी चेंडू अंगाजवळून टाकला, हे ठरवून केलं. आतला चेंडू मी सगळ्यांनाच टाकतो. त्याच्याच जोरावर गेली पाच वर्षं या लीगमध्ये टिकलोय. त्या दिवशी तो छातीपाशी जायला हवा होता, वर चढला. डोक्यावर मारायचं मनात नव्हतं. याच्यापुढे काय लिहायचं ते मला कळत नाही.

मी कॅन्ससचा शेतकरी माणूस आहे, पत्र लिहायची सवय नाही. तुम्ही लवकर बरे व्हा.

आपला,
ऑर्विल डाल्के


सेंट लुईस, इस्पितळातून
२ सप्टेंबर १९५४

डाल्के,

हे 'श्री.' आणि 'तुम्ही' काय लावलंयस? मला वाटलं चर्चमधून पत्र आलं, आता हा माझ्या आत्म्याची चौकशी करणार.

अक्षर ओपलचं आहे. डॉक्टर मला डोळे वापरू देत नाहीत, म्हणून मी बोलतो आणि ती लिहिते. ओठ घट्ट मिटून लिहिते. (मी काही ओठ मिटलेले नाहीत. ओपल.) मिटलेत. पट्टी बांधलेली असली तरी मला कळतं.

मी मागे का झालो नाही माहीत आहे? मला वाटलं, हा तुझा वळणारा चेंडू. शेवटच्या क्षणी वळेल आणि मी त्याला कुंपणाबाहेर पाठवीन. तो वळलाच नाही. तू मला फसवलंस, नेहमीसारखं. तीन वर्षांत तुझ्यासमोर माझे धड चार फटके लागले नाहीत, आणि त्यातला एक तुझ्या कॅचरच्या बुटाला लागून गेला होता. ती प्लास्टिकची कडक टोपी घाल म्हणून आमचा मॅनेजर मागे लागला होता. डोक्यावर पातेलं घातल्यासारखं दिसतं म्हणून मीच घातली नाही. तेव्हा रडगाणं पुरे.

पुढच्या वसंतात मी परत उभा राहणार आहे, तिथेच, प्लेटला खेटून. तोवर इथे फार कंटाळा येतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर स्वतःच्या पोटाबद्दल बोलतो. तू खेळाबद्दल काहीतरी लिहीत जा.

लायमन टिप्टन

(त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. अजूनही बोलावंसं वाटत नाही. पण पत्र आलं तेव्हा तो अपघातानंतर पहिल्यांदा नीट जेवला, हे तुम्हाला कळवणं भाग आहे. ओपल टिप्टन.)


कॅन्सस
२० ऑक्टोबर १९५४

लायमन,

हंगाम संपला. तुझ्या त्या शनिवारनंतर मी सहा सामने टाकले, त्यातले पाच हरलो. खांदा जड झालाय. थंडीत विश्रांती मिळाली की सुटेल.

इथे गव्हाची पेरणी चालू आहे. माझी बायको हिल्डा म्हणते, ट्रॅक्टरवर बसलास की माणसात येतोस. तुझ्या डोळ्यांचं काय ते लिही. पट्टी निघाली का? तुझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचं पोट कसं आहे?

ऑर्विल


मिलर्स बेंड, टेनेसी
९ फेब्रुवारी १९५५

ऑर्विल,

हे बघ, माझं स्वतःचं अक्षर! ओळी खाली घसरल्या तर हसू नकोस, शाळेतही घसरायच्या.

घरी येऊन तीन महिने झाले. सासऱ्यांच्या तंबाखूच्या कोठारात सराव चालू आहे. मेहुणा चेंडू टाकतो. टाकतो म्हणजे काय, लोणी लावल्यासारखा हातातून सोडतो. डाव्या डोळ्यासमोर थोडं धुकं आहे, ते उन्हाळ्यापर्यंत जाईल. पुढच्या महिन्यात फ्लोरिडाला सरावाला जातोय. तुझा संघही तिकडेच असेल. भेटलो की पहिला फटका तुझ्या डोक्यावरून मारतो बघ.

खांद्याला टर्पेंटाइन चोळ. माझा बाप खेचरांना चोळायचा.

लायमन

(त्याच पाकिटातली वेगळी चिठ्ठी)

मि. डाल्के, पाकीट बंद करायला त्याने माझ्याकडे दिलं म्हणून हे घालते आहे. धुकं नाही. डावा डोळा गेला आहे. तो दाराच्या चौकटीवर आपटतो, ताटाशेजारी कॉफी ओततो. माझ्या भावाचे हळू टाकलेले चेंडूही त्याला दिसत नाहीत. माझा भाऊ मुद्दाम त्याच्या बॅटवर चेंडू मारतो आणि आम्ही सगळे वाहवा करतो. फ्लोरिडाहून तो कसा परत येईल, या विचाराने मला झोप लागत नाही. तुम्ही काही करावं म्हणून हे लिहीत नाही. दुसऱ्या कुणाला तरी माहीत असावं असं वाटलं. त्याला काही सांगू नका.


फ्लोरिडा
२८ मार्च १९५५

मिसेस टिप्टन,

तो आला होता. मी लांबून पाहिलं. कोवळ्या पोरांनी त्याला तीन-तीन चेंडूंत बाद केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. मी जायला हवं होतं. कुंपणापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

तुम्ही सांगितलंत ते मी कुणाला बोललो नाही.

ऑर्विल डाल्के


मिलर्स बेंड
११ जुलै १९५५

ऑर्विल,

फ्लोरिडाबद्दल तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता तो विषय बंद. मी सासऱ्यांकडे तंबाखू पिकवतो. एका डोळ्याने अळ्या छान दिसतात.

आज भांडायला बसलोय. कोठारात रेडिओ लावून मी तुझा प्रत्येक सामना ऐकतो. रेडिओला डोळे लागत नाहीत. कालचा तो बडबड्या काय म्हणाला? "डाल्के, बाहेर. डाल्के, पुन्हा बाहेर." नऊ डाव संपले तरी बाहेर! एकही चेंडू आत नाही. बॅटवाल्यांना ते कळलंय, सगळे पुढे सरकून उभे राहतात आणि तुला झोडपतात. खांदा जड आहे म्हणे! तुझा खांदा ठणठणीत आहे, डाल्के. तू भ्यालास.

आता नीट ऐक. इथे दुकानात लोक मला विचारतात, तुला कुणी मारलं? मी सांगतो, ऑर्विल डाल्केने. आणि ते म्हणतात, बाप रे, डाल्के! त्याच्या चेंडूसमोर उभं राहायला छाती लागते. तेवढंच मला उरलंय. तू आता पडलास, तुला लहान लीगमध्ये पाठवलं, तर मी काय सांगू? माझा डोळा कुणा ऐऱ्यागैऱ्याने घेतला? तुला दया दाखवायचीच असेल तर एखाद्या मांजरावर दाखव. माझ्या नावाने दाखवू नकोस.

लायमन


शिकागो
२४ जुलै १९५५

लायमन,

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरतोय.

खरं आहे. चेंडू आत टाकायचा म्हणून हात वर नेला की तो आवाज येतो. ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाड बसावी तसा. हात आपोआप बाहेर वळतो. मी वळवत नाही. आमचा मॅनेजर ग्रोगन आधी ओरडला, मग समजावलं, आता बोलतच नाही. काल त्याने मला तिसऱ्या डावातच काढून घेतलं आणि मैदानातले लोक टाळ्या वाजवत होते. मी गेलो म्हणून टाळ्या.

हिल्डा म्हणते, पुरे झालं, घरी ये. मलाही तसंच वाटायला लागलंय. ट्रॅक्टरसमोर कुणी उभं राहत नाही.

ऑर्विल


मिलर्स बेंड
१४ नोव्हेंबर १९५५

ऑर्विल,

जानेवारीत इकडे ये. आमचं कोठार लांबलचक आहे, तंबाखू विकला की रिकामं होतं. साठ फूट सहज मोजता येतात. मी बॅट घेऊन उभा राहीन. तू आतला चेंडू टाक.

ओपलला सांगितलंय की तू शिकारीला येतोयस.

लायमन


मिलर्स बेंड
१९ जानेवारी १९५६

ऑर्विल,

तुम्ही गेल्यापासून लायमन शीळ घालत हिंडतो आहे, म्हणून लिहायला बसले.

शिकारीला आलेला माणूस बंदूक न आणता चेंडूंची पिशवी आणतो, तेव्हा बायकांना कळतं. तुम्ही दोघं कोठारात गेलात तेव्हा मी मागच्या दाराने आत येऊन गवताच्या गंजीआड उभी राहिले. पोटात चार महिन्यांचं मूल, आणि समोर एका डोळ्याचा नवरा बॅट धरून उभा. धावत जाऊन ती बॅट ओढून घ्यावी असं वाटत होतं. तुम्ही ती कडक टोपी आणली होती आणि ती घातल्याशिवाय एकही चेंडू टाकणार नाही असं म्हणालात, एवढ्यासाठीच मी थांबले.

तुमचे सगळे चेंडू बाहेर जात होते. तो तुम्हाला काय काय बोलत होता! "तुझी आजी याच्यापेक्षा जोरात फेकते." "अरे, मी इकडे आहे, तिकडे गाय बांधलीय." तुम्ही रडत होतात ते मला दिसलं, त्याला दिसलं नाही. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "ऑर्व्ह, मला एकदा बॅटवाला म्हणून वागव. सगळे मला आजारी म्हणून वागवतात."

तो चेंडू मला दिसलाच नाही. मागे टांगलेल्या गादीवर तो आदळल्याचा आवाज तेवढा ऐकला. लायमन मागे वाकला, तोल जाऊन पेंढ्यात पडला. मी किंचाळणार होते, तर तो हसत होता. पडल्या पडल्या हसत होता. "हा! हाच तो! अजून एक!" दीड वर्षात मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

तुम्ही जेवताना माझ्याकडे वर पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर कळलं असतं, मी रागावले नव्हते.

अजून एक सांगायचं होतं, पण लायमनने मला शपथ घातली आहे. राहू दे.

ओपल


मिलर्स बेंड
२० जून १९५६

ऑर्व्ह,

मुलगी झाली! मेव्हिस नाव ठेवलंय. आवाज अंपायरसारखा आहे, आणि एकदा निर्णय दिला की बदलत नाही.

आणि तू! दहा सामने जिंकलास! काल समोरच्या संघातल्या त्या जाड्याला तू पहिलाच चेंडू हनुवटीखालून टाकलास. बडबड्या ओरडला, "जुना डाल्के परत आला!" मी कोठारात एकटाच नाचलो. दुकानात आता माझा रुबाब वाढलाय. मी सांगतो, त्याला हिवाळ्यात मीच शिकवलं.

गेल्या आठवड्यात गाडीवरून पडलो. दात तुटला, जीभ चावली गेली. सूप पिऊन दिवस काढतोय. ओपल उगाच घाबरते. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळेच.

ऑक्टोबरपर्यंत असाच टाकत राहा. अंतिम मालिका जिंकलास तर मेव्हिसला तुझ्या सहीचा चेंडू पाहिजे.

लायमन


न्यूयॉर्क
११ ऑक्टोबर १९५६

लायमन,

जिंकलो! तू ऐकलंस ना? शेवटचा सामना मीच टाकला. नवव्या डावात दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस, आणि समोर त्यांचा सगळ्यात तगडा बॅटवाला, तुझ्यासारखाच प्लेटला खेटून उभा. कॅचरने बाहेरचा चेंडू मागितला. मी मान हलवली. त्याने पुन्हा बाहेरचा मागितला, मी पुन्हा नाही म्हटलं. मला तुझ्या कोठारातला तंबाखूचा वास आला, खरंच सांगतो. आत टाकला. तो मागे झाला, आणि त्यानंतरच्या बाहेरच्या चेंडूवर त्याची बॅट हवेत फिरली. संपलं!

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. ग्रोगन म्हाताऱ्याने मिठी मारली आणि रडायलाच लागला. मी म्हटलं, अहो, जिंकलोय आपण! तर तो अजूनच रडला आणि मला म्हणाला, "पोरा, घरी जा आता."

महिना होत आला, तुझं पत्र नाही. रुसलास काय? की तंबाखूच्या कापणीत बुडालास? चेंडू पाठवतोय मेव्हिससाठी, सगळ्या संघाच्या सह्या आहेत. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच तिकडे येतो. ओपलला म्हणावं, या वेळी खरोखर बंदूक आणतोय. आणि गाडीवरून पडणं सोड आता, बाप झालायस तू.

तुझा,
ऑर्व्ह


मिलर्स बेंड
१६ ऑक्टोबर १९५६

ऑर्विल,

येऊ नका. आधी हे वाचा, जमलं तर बसून वाचा.

लायमन गेला. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी. संध्याकाळी तुमचा सामना होता म्हणून दुपारपर्यंत मासे धरून येतो असं सांगून ओढ्यावर गेला. त्याला फीट आली आणि तो पाण्यात तोंडावर पडला. पाणी गुडघाभर होतं. माझ्या भावाला तो सापडला.

फीट पहिल्या हिवाळ्यापासूनच यायची. डोक्याच्या आत जखमेचा व्रण राहिला आहे, त्यामुळे येते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो गाडीवरून पडला नव्हता. जीभ फीटमध्ये चावली गेली होती. तुम्हाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली. म्हणायचा, "ऑर्व्हला कळलं तर त्याचा हात पुन्हा बाहेर वळेल." आणि हेही म्हणून ठेवलं होतं की हंगाम चालू असताना मला काही झालं, तर तो संपेपर्यंत ऑर्व्हला कळू द्यायचं नाही. मी दुकानात जाऊन तुमच्या मॅनेजरला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, देव आपल्या दोघांना क्षमा करो," आणि शब्द पाळला.

तुमचं पत्र काल आलं. मी ते चर्चमागे त्याच्या मातीपाशी बसून मोठ्याने वाचलं. मला वाटलं होतं रडू येईल. आला तो राग. तुम्हाला खांद्यावर घेतलं, त्या लोकांचा राग आला. लायमनचा तुमच्यावर कधीच राग नव्हता, तुम्हाला माफ करण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं. पण मी लायमन नाही. माझ्या मांडीवर चार महिन्यांची मुलगी आहे. कोठारातला तो दिवस आठवला की मला तुमच्याबद्दल माया वाटते, आणि ओढा आठवला की तुमचं तोंड पाहू नये असं वाटतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम पेलायची ताकद आत्ता माझ्यात नाही.

मला लिहू नका. खेळणं मात्र सोडू नका. तुम्ही सोडलंत तर त्याने हे सगळं लपवून ठेवल्याचा काही उपयोग झाला नाही असं होईल.

ओपल टिप्टन


कॅन्सस
४ मे १९६३

मिसेस टिप्टन,

लिहू नका म्हणाल्या होतात, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. हे पत्र न वाचता चुलीत टाकलंत तरी मला चालेल.

मी खेळणं सोडलं नाही. अजून सहा हंगाम खेळलो. वर्तमानपत्रं म्हणायची, लीगमध्ये डाल्केएवढा कठोर पिचर नाही, त्याला काळीजच नाही. मी त्यांना म्हणू दिलं. आतला चेंडू शेवटच्या दिवसापर्यंत टाकला. पुन्हा कुणाच्या डोक्याला लागू दिला नाही. दर वेळी टाकण्याआधी बॅटवाल्याच्या डोक्यावर ती कडक टोपी आहे का ते बघून घ्यायचो. जिंकलो पुष्कळ. जिंकल्याचं सांगावं असं कुणी नव्हतं. सामना संपला की हात खिशात घालून हॉटेलच्या खोलीत बसायचो. गेल्या उन्हाळ्यात खांदा खरोखरच गेला. आता कॉफीचा कपही डाव्या हाताने उचलतो.

पुढच्या महिन्यात क्लबवाले माझा सत्कार करणार आहेत. मी कळवलंय, येत नाही. त्याऐवजी मला दुसरीकडे कुठे जायचंय ते तुम्हाला कळलं असेल. घरी येणार नाही. चर्चमागे त्याची कबर कुठे आहे तेवढं कळवलंत तर तिथे उभा राहून परत जाईन. तुम्ही नाही म्हणालात तर तेही बरोबरच आहे.

ऑर्विल डाल्के


मिलर्स बेंड
१३ मे १९६३

ऑर्विल,

पत्र चुलीत टाकलं नाही.

मी पुन्हा लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. राग कधी गेला ते सांगता येणार नाही. एक दिवस शोधायला गेले तर जागेवर नव्हता. मग वाटलं, तुम्हाला कळवावं. पण इतकी वर्षं झाल्यावर सुरुवात काय करायची ते सुचेना. तुम्ही केलीत, बरं झालं.

मेव्हिस पुढच्या महिन्यात सात वर्षांची होईल. ती बापाबद्दल विचारत असते. तो काय खायचा, कसा गायचा, कशाला हसायचा, हे सगळं मी सांगते. पण परवा तिने विचारलं, "बॅट घेऊन उभा राहिला की बाबा कसा दिसायचा?" मी त्याला नेहमी मागून पाहिलं, लांबच्या लाकडी बाकावरून. त्याची पाठ पाहिली. त्याचा चेहरा कसा व्हायचा, तो हसायचा का, घाबरायचा का, तुमच्याकडे काय नजरेने बघायचा, हे मला माहीत नाही. समोरून त्याला पाहिलेला माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कुणी नाही.

चर्चमागे दाखवायला मी येईन. पण आधी घरी या. रविवारी दुपारी जेवायलाच या, मक्याची भाकरी आणि घेवड्याच्या बिया असतील. माझ्याशी माफीबिफीचं बोलू नका, ते आपलं आपल्यात राहू दे. मेव्हिसशी बोला. आणि ती लहान आहे म्हणून गोड करून सांगू नका. तिला लगेच कळतं.

ओपल